गाडीनं 'टुकटुक' केलं म्हणजे लॉक झाली का? रिमोट, सेंट्रल लॉक आणि अलार्म वापरताना या चुका टाळा

समजा, तुम्ही नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकून हरसूलला आला आहात. बाजारपेठेत रस्त्याच्या कडेला गाडी लावली, चालता चालता मागे न बघताच रिमोटचं बटण दाबलं आणि कामाला गेलात. दोन तासांनी परत आलात तर रिमोट चालत नाही. बटण दाबून अंगठा दुखला तरी गाडी ढिम्म. वरून पाऊस कोसळतोय, फोनला रेंज कधी येते, कधी जाते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाशिकला, म्हणजे घाटरस्त्यानं दीड-दोन तासांवर.

शहरात असा प्रसंग आला तर वैताग येतो. हरसूल, पेठ, जव्हार अशा भागांत तो आला तर सगळा दिवस जातो. आणि गाडीत लहान मूल असेल तर प्रश्न जिवावरही बेतू शकतो.

गंमत म्हणजे, वर सांगितलेल्या प्रसंगातली गाडी बहुतेक वेळा कोणाच्याही मदतीशिवाय उघडता येते आणि चालूही करता येते. ती कशी, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहतं. म्हणून हा लेख.

आधी समजून घेऊ: गाडीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात

आपण सगळ्याला मिळून 'लॉक' म्हणतो. पण प्रत्यक्षात तीन यंत्रणा असतात आणि तिघींचं काम वेगळं.

पहिली, सेंट्रल लॉकिंग. प्रत्येक दाराच्या आत एक छोटी मोटर असते. रिमोटचं बटण दाबलं की रेडिओ लहरींतून संदेश जातो, गाडीतला रिसीव्हर तो ओळखतो आणि सगळ्या मोटरी एकदम फिरतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात.

दुसरी, इमोबिलायझर. किल्लीच्या मुठीत एक चिमुकली चिप असते. इंजिन सुरू करताना गाडी त्या चिपला ओळख विचारते. ओळख पटली नाही तर इंजिन सुरू होत नाही. म्हणूनच साध्या किल्लीवाल्याकडून नुसती दात कापलेली डुप्लिकेट किल्ली करून घेतली तर दार उघडतं, पण गाडी चालू होत नाही. या चिपला सेल लागत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरी, अलार्म. लॉक असताना दार किंवा बॉनेट उघडलं, काही गाड्यांत हादरा बसला किंवा आत हालचाल झाली, तर तो बोंब मारतो. बस, एवढंच. अलार्म चोराला थांबवत नाही, तो फक्त लोकांचं लक्ष वेधतो. ऐकायला कोणीच नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही.

रिमोट बंद पडला तर काय करायचं?

बहुतेक वेळा दोष रिमोटचा नसून त्यातल्या सेलचा असतो. अनेक रिमोटमध्ये सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो. पहिले दोन आकडे म्हणजे २० मिलीमीटर व्यास, पुढचे दोन म्हणजे ३.२ मिलीमीटर जाडी. घड्याळाच्या दुकानात हा सेल सहज मिळतो. घेण्याआधी तुमच्या रिमोटमध्ये कोणता आकडा लिहिलाय तो मात्र बघा.

सेल मरण्याआधी इशारा देतो. पूर्वी लांबून उघडणारी गाडी आता जवळ गेल्यावरच उघडू लागली किंवा बटण दोन-तीनदा दाबावं लागू लागलं, तर सेल बदला. घाटात जाण्याआधी बदला, घाटात गेल्यावर नको.

सेल मेलाच असेल तर:

१. बटणवाल्या स्मार्ट किल्लीच्या आत एक लपवलेली धातूची किल्ली असते. बाजूची छोटी कळ सरकवली की ती बाहेर येते. ती ड्रायव्हरच्या दाराला लावा. दारावर किल्लीचं छिद्र दिसत नसेल तर हँडलजवळची प्लॅस्टिकची टोपी काढा, छिद्र तिच्याखाली असतं.

२. या किल्लीनं दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजतो. घाबरू नका. गाडीनं किल्ली ओळखून इंजिन सुरू झालं की तो थांबतो.

३. आता इंजिन. स्मार्ट किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. काही मॉडेलमध्ये किल्ली ठेवायची जागा वेगळी असते, ती पुस्तकात दाखवलेली असते. चिपला सेल लागत नाही असं आपण वर पाहिलं, त्याचा फायदा इथे होतो. सेल मेलेला असला तरी गाडी किल्ली ओळखते.

आज घरी, दाराशी गाडी उभी असताना, एकदा हे सगळं करून बघा. लपवलेली किल्ली कशी निघते आणि छिद्र कुठे आहे, हे भर पावसात मोबाईलच्या उजेडात शोधण्यापेक्षा ते सोपं आहे.

एक सावधगिरी: काढलेला जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला तर अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मुलानं सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना गाठायचा, थांबून वाट बघायची नाही.

'टुकटुक' झालं, तरी हँडल ओढून बघा

रिमोटचं बटण दाबून मागे न बघता निघून जाणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. गाडी लॉक न होण्याची कारणं बरीच असतात: एखादं दार नीट लागलेलं नसतं, एका दाराची मोटर बिघडलेली असते, किंवा तुम्ही ऐकलेला आवाज शेजारच्या गाडीचा असतो.

आणखी एक कारण म्हणजे जॅमर. चोर त्याच लहरींवर गोंगाट सोडतो आणि तुमच्या रिमोटचा संदेश गाडीपर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही समजता गाडी लॉक झाली, ती मात्र उघडी असते. यावर उपाय फुकटचा आहे: दिवे लुकलुकलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि एकदा हँडल ओढा. मागचं दारही. तीर्थक्षेत्राच्या पार्किंगमध्ये, जिथे शंभर गाड्या एकदम टुकटुकत असतात, तिथे तर नक्कीच.

उलट चूकही होते. अनेक गाड्यांत रिमोटनं अनलॉक करून साधारण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडलं नाही, तर गाडी आपोआप पुन्हा लॉक होते. म्हणजे खिशात असताना चुकून बटण दाबलं गेलं तरी गाडी उघडी राहू नये. पण किल्ली डिकीत किंवा सीटवर ठेवून झाकण लावायची सवय असेल तर हीच सोय अंगाशी येते. नियम एकच ठेवा: झाकण लावताना किल्ली हातात दिसली पाहिजे.

रिमोटचा संदेश कोणी चोरू शकतं का?

जुन्या आणि स्वस्त रिमोटमध्ये दर वेळी तोच संदेश जातो. कोणी तो रेकॉर्ड करून पुन्हा वाजवला तर गाडी उघडते. म्हणून नंतर 'रोलिंग कोड' आला. यात प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर नवा कोड जातो आणि वापरलेला कोड गाडी परत स्वीकारत नाही.

तरीही पळवाटा निघाल्याच. २०१५ मध्ये सॅमी कामकर या अमेरिकी संशोधकानं एक छोटं यंत्र दाखवलं. ते तुमचा संदेश गाडीपर्यंत पोहोचू न देता स्वतःकडे साठवून ठेवतं. तुम्ही वैतागून पुन्हा बटण दाबता, तेव्हा ते दुसरा कोडही साठवतं आणि गाडीला पहिला कोड देतं. गाडी उघडते, तुम्ही निर्धास्त होता, पण न वापरलेला दुसरा कोड चोराकडे राहतो.

बटणाशिवाय नुसती खिशात ठेवून चालणाऱ्या किल्लीचा धोका वेगळा आहे. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिच या संस्थेतल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर प्रयोग केला. एक यंत्र गाडीजवळ, दुसरं किल्लीजवळ. दोन्ही मिळून संदेश पुढे पोहोचवतात आणि गाडीला वाटतं की किल्ली शेजारीच आहे. दहाही गाड्या फसल्या. यालाच रिले हल्ला म्हणतात.

मग घाबरायचं का? नाही. पण दोन सवयी लावून घ्या. रात्री स्मार्ट किल्ली मुख्य दाराशेजारच्या खुंटीला लावू नका, घराच्या आतल्या भागात ठेवा. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा उपयोगाचा आहे का ते तपासणंही सोपं: किल्ली डब्यात ठेवून डबा हातात घेऊन गाडीजवळ जा आणि हँडलवरचं बटण दाबा. गाडी उघडली तर डबा बदला. काही नव्या किल्ल्या बराच वेळ हलवल्या नाहीत तर स्वतःच झोपी जातात. तुमची तशी आहे का, हे शोरूममध्ये विचारा.

आणि जुन्या काळची जाड लोखंडी स्टिअरिंग लॉकची दांडी? ती आजही उपयोगी आहे. रेडिओ लहरी तिला फसवू शकत नाहीत.

बाहेरून अलार्म बसवताय?

हरसूलसारख्या भागात जुन्या जीप, व्हॅन आणि सेकंड हँड गाड्या भरपूर. त्यांत मूळचं रिमोट लॉक नसतं, मग बाहेरून किट बसवलं जातं. त्यात वावगं काहीच नाही, फक्त चार गोष्टी बघा.

- किट रोलिंग कोडचं आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा.
- वायरी कापून जोडण्याऐवजी गाडीच्या मूळ कनेक्टरला बसणारं किट घ्या. ढिली जोडलेली आणि नुसती टेप गुंडाळलेली वायर शॉर्टसर्किटचं कारण ठरू शकते. फ्यूज बसवलाय ना, तो कुठे आहे, हे बघून घ्या. नव्या गाडीत अशी कापाकापी केली तर कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते.
- चालू गाडी बंद पाडणारं किट टाळा. घाटाच्या वळणावर इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही कडक होतो.
- पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआयची मान्यता असलेलं चोरीरोधक उपकरण असेल तर विम्याच्या हप्त्यात थोडी सवलत मिळू शकते. पॉलिसी घेताना विचारा.

हादरा ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. ट्रक गेला, मांजरानं उडी मारली किंवा वीज कडाडली की बोंबलणारा अलार्म आठवड्याभरात गल्लीला इतका सवयीचा होतो की खरा चोर आला तरी कोणी खिडकी उघडत नाही. लांडगा आला रे आला, तशीच गत. म्हणून किट बसवणाऱ्याकडून सेन्सर नीट लावून घ्या.

अलार्म बॅटरी खातो का?

थोडी खातो. गाडी बंद असतानाही लॉक, अलार्म आणि घड्याळ मिळून थोडा करंट घेत असतात. समजा तो ३० मिलीअँपिअर आहे. चोवीस तासांचे झाले ०.७२ अँपिअर-तास. महिन्याचे साधारण २१.६. छोट्या गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरली तर एका महिन्यात जवळजवळ निम्मी संपली. बॅटरी जुनी असेल तर आणखी लवकर.

कामासाठी नाशिक-मुंबईला गेलेल्यांची गाडी गावी महिना-महिना उभी असते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणायला कोणाला तरी सांगा. बॅटरी पूर्ण संपली की रिमोटही चालत नाही. तेव्हा पुन्हा तीच लपवलेली किल्ली कामी येते.

सगळ्यात महत्त्वाचं: गाडीत मूल एकटं नको

गाडी चोरीला गेली तर विमा आहे. याला विमा नाही.

जून २०२३ मध्ये नागपुरात खेळायला गेलेली तीन लहान मुलं बेपत्ता झाली. शोधाशोध झाली आणि शेवटी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईतल्या अँटॉप हिल भागात एका जुन्या उभ्या गाडीत पाच आणि सात वर्षांची भावंडं अशीच दगावली. दोन्ही वेळा मुलं खेळता खेळता गाडीत शिरली होती.

उन्हात उभी गाडी किती तापते? अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसनं वाढतं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. खिडकीची काच थोडी खाली ठेवली तरी फारसा फरक पडला नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. म्हणून 'पाच मिनिटांत येतो' म्हणून मुलाला गाडीत बसवून रिमोटनं लॉक करणं बंद करा. काही गाड्यांमध्ये बाहेरून लॉक केल्यावर आतलं हँडलही काम करत नाही आणि आत हालचाल झाली की अलार्म वाजतो.

मागच्या दारांना 'चाइल्ड लॉक' असतं. ते लावलेलं असलं की दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतं. धावत्या गाडीत ते मुलाला वाचवतं, उभ्या गाडीत तेच कोंडून ठेवतं. हेच लॉक टॅक्सीत प्रवाशांना, विशेषतः महिलांना, कोंडण्यासाठी वापरलं जाऊ शकतं, म्हणून जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी टॅक्सींमध्ये त्याला मनाई झाली. त्याच महिन्यापासून नव्या गाड्यांमध्ये सेंट्रल लॉक हातानं उघडण्याची सोयही बंधनकारक झाली. म्हणजे वीज गेली तरी आतला माणूस अडकू नये. ती सोय तुमच्या गाडीत कशी चालते? काहींमध्ये आतलं हँडल एकदा ओढावं लागतं, काहींमध्ये दोनदा. घरातल्या प्रत्येकाला करायला लावून बघा.

मुलांना तीन गोष्टी शिकवा: गाडी हे खेळायचं ठिकाण नाही. अडकलात तर पुढच्या सीटवर या आणि दार उघडायचा प्रयत्न करा. नाही उघडलं तर हॉर्न दाबत राहा. बहुतेक गाड्यांत हॉर्न किल्लीशिवाय वाजतो. आणि मोठ्यांनी एक करायचं: अंगणात उभी असलेली, बंद पडलेली असली तरी, गाडी कायम लॉक ठेवायची. मूल दिसत नसेल तर विहीर आणि पाण्याच्या टाकीबरोबर आधी गाड्या आणि डिक्क्या बघायच्या.

बंद गाडीत मूल निपचित दिसलं तर किल्ली येण्याची वाट बघू नका. ११२ ला फोन करायला एकाला सांगा आणि मुलापासून सगळ्यात लांबच्या बाजूची काच फोडा. काचेच्या मध्यावर नाही, कोपऱ्याजवळ टोकदार वस्तूनं मारा. हाताला कपडा गुंडाळा.

पाणी चढलं तर

त्र्यंबकेश्वर, पेठ, हरसूल हा मुसळधार पावसाचा पट्टा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही, हा पहिला नियम. तरी अडकलातच, तर गाडीच्या विजेच्या भरवशावर राहू नका. पाणी शिरलं की काचा आणि लॉकच्या मोटरी बंद पडू शकतात. चालू आहेत तोवर, पहिल्याच मिनिटात, सीटबेल्ट काढा, काच खाली करा आणि खिडकीतून बाहेर पडा. फोन नंतर. पाण्याचा दाब आला की दार ढकलणं अवघड होतं. काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

दोन्ही किल्ल्या जपा

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी साधारणपणे दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक हरवली असेल तर दाव्याच्या वेळी प्रश्न उभे राहतात. म्हणून किल्ली हरवली की पोलिसांत तक्रार नोंदवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. 'जरा चहा घेऊन येतो' म्हणून किल्ली गाडीतच ठेवून गेलात तर निष्काळजीपणाचं कारण पुढे करून दावा नाकारला जाऊ शकतो किंवा रक्कम कापली जाऊ शकते.

सेकंड हँड गाडी घेताना दोन्ही किल्ल्या ताब्यात घ्या. एकच मिळाली तर सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन जुन्या किल्ल्यांची नोंद गाडीच्या मेमरीतून पुसून घ्या. नाहीतर तिसऱ्याच कोणाकडे असलेली किल्ली तुमची गाडी उघडू शकते आणि चालूही करू शकते.

आज दहा मिनिटांत करण्यासारखं

- रिमोटमधली लपवलेली किल्ली काढून त्या किल्लीनं दार उघडून बघा.
- रिमोटच्या सेलचा आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा.
- मागच्या दारांचं चाइल्ड लॉक चालू आहे की बंद, ते तपासा.
- आत बसून, लॉक करून, हातानं दार कसं उघडतं ते मुलांसमोर करून दाखवा.
- दुसरी किल्ली कुठे आहे ते शोधा. बऱ्याच घरांत हेच काम सगळ्यात जास्त वेळ घेतं!

तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर निदान मुलांबद्दलचा भाग तरी नक्की पाठवा. गाडी ज्याच्या दारात उभी असते, त्या प्रत्येकाला तो माहिती असायला हवा.